चिखल आला तर चिखलातूनच चाला

मागच्या अंकात न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन डोंगरांबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि पत्रांचा ढीग येऊन पडला, बहुतेक सगळे बॉस्टन, न्यू जर्सी, कनेक्टिकट साइडचे, उन्हाळ्याचे आणि फॉलचे (पानं रंगतात तो ऋतू) प्लॅन करून बसलेले. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि दोन-तीन पत्रांतला राग थोडा कापलाय. आणि हे आधीच सांगून टाकतो की मी रेंजर नाही, गाइड नाही, या डोंगरांत बरीच वर्षं चुका करत फिरणारा माणूस आहे एवढंच.

प्रश्न : काका, आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येतायत. आई ६८, बाबा ७३, आईचे गुडघे दुखतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यू हॅम्पशायरला नेऊन फॉल कलर्स दाखवायचेत. चढाई शून्य पाहिजे. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांना नुसती झाडं बघून कंटाळा येईल अशी भीती वाटते. दोन दिवसांत काय दाखवू?

उत्तर : बाबा रेल्वेतले आहेत म्हणता, मग काम सोपं झालं की!

पहिला दिवस कँकामेगस हायवे. लिंकन ते कॉनवे, ३४.५ मैल, सगळे त्याला नुसतं 'कँक' म्हणतात. पूर्ण रस्त्याला ना गॅस स्टेशन ना हॉटेल, फोनची रेंजही बऱ्याच ठिकाणी जाते, त्यामुळे टाकी भरून, डबा घेऊन आणि सगळ्यांना बाथरूमला पाठवून मगच निघा (ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांच्या वर असतो, अनुभवाने सांगतोय). घाटमाथा २८५५ फुटांवर आहे, तिथे आणि वाटेत मोकळ्या पार्किंगच्या जागा आहेत, तिथेच थांबा. रस्त्याच्या मधेच ब्रेक मारून फोटो काढणारे दरवर्षी दिसतात, मागून येणाऱ्याचा जीव जातो हो. सॅबडे फॉल्सला अर्धा मैलसुद्धा चालायचं नाही, वाट रुंद आहे, शेवटी थोड्या पायऱ्या, तिथे आईंना जमलं तर ठीक, नाहीतर खाली ओढ्याकाठी बसून राहायलाही छान आहे.

लिंकनच्या बाजूला लिंकन वुड्स म्हणून जागा आहे, तिथे नदीवर झुलता पूल आणि पलीकडे सपाट, सरळसोट वाट. इतकी सरळ की जरा संशयच येतो. थोडं चाललात की पायाखाली ठरावीक अंतराने आडवे लाकडी ओंडके लागतात, अर्धे मातीत गाडलेले, शेवाळ चढलेले. बाबांना काही सांगू नका, नुसतं विचारा ओळखा पाहू. स्लीपर आहेत ते, रेल्वेचे! लाकूड वाहून नेणारी लाइन होती इथे, १९४८ पर्यंत चालली. त्या रेल्वेने या जंगलाचं काय केलं ते खाली दुसऱ्या एका पत्राच्या उत्तरात येतंय, ते बाबांना वाचून दाखवा.

दुसऱ्या दिवशी माउंट वॉशिंग्टन. ६२८८ फूट, पण वर जायला गाडीचा रस्ता आहे, ७.६ मैलांचा, १८६१ साली सुरू झालेला (म्हणजे घोडागाडीच्या काळातला), आणि दुसऱ्या बाजूने कॉग रेल्वे आहे, १८६९ ची, दातेरी चाकांवर डोंगर चढणारी जगातली पहिली. बाबांसाठी कॉग. तिकीट महाग आहे, पण रेल्वेच्या माणसाला हे नाही दाखवलं तर मग काय दाखवलं. वर मात्र खालचं हवामान धरून चालू नका, पायथ्याशी हाफ शर्ट आणि शिखरावर कानटोपी असा प्रकार असतो. शिखरावर आजवर कधी पारा २२-२३ सेल्सिअसच्या वर गेलेला नाही, तेही भर उन्हाळ्यात, ऑक्टोबरमध्ये तर बर्फही पडलेला असतो. आणि वारा फार असेल तर रस्ता काय नि गाडी काय, शिखरापर्यंत सोडत नाहीत, तेव्हा सकाळी चौकशी करून निघा, नाहीतर दोन तास ड्राइव्ह करून परत.

कोलंबस डेचा लाँग वीकेंड टाळा. काहीही करा पण टाळा. मंगळवार-बुधवार घ्या आणि सकाळी आठला पार्किंगमध्ये पोचा.

पार्किंगवरून आठवलं, नॅशनल फॉरेस्टच्या फी असलेल्या जागांवर गाडीचा दिवसाचा पास ५ डॉलर आहे, खोक्याजवळ पाकिटं असतात, पैसे पाकिटात घालून खोक्यात टाकायचे आणि फाडलेला तुकडा गाडीत दिसेल असा ठेवायचा. सुटे पैसे ठेवा, तिथे तुमचं फोन पे चालत नाही. आणि हा पास फ्रँकोनिया नॉचला (नॉच म्हणजे खिंड) चालत नाही कारण ते स्टेट पार्क आहे, नॅशनल फॉरेस्ट नाही. नकाशात दोन्ही हिरवंच दिसतं, त्यामुळे लोक गोंधळतात.

प्रश्न : आमचा २२ जणांचा ग्रुप आहे, त्यात पाच मुलं, ६ ते ११ वयाची. जूनच्या पहिल्या वीकेंडला फ्रँकोनिया रिजचा लूप करायचाय. मोठे सगळे सह्याद्रीत फिरलेले, हरिश्चंद्रगड, राजगड वगैरे केलेत, त्यामुळे फिटनेसचा इशू नाही. उंचीही कळसूबाईएवढीच आहे असं वाचलं. काही स्पेशल तयारी लागते का? ब्लूटूथ स्पीकर न्यावा का, मुलांना कंटाळा येतो?

उत्तर : कळसूबाईएवढीपण नाहीये. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट, आणि या रिजवरचं, म्हणजे डोंगरधारेवरचं, सगळ्यात उंच टोक लाफायेट सव्वापाच हजार फुटांचं, आपल्या कळसूबाईपेक्षा बुटकं. मीपण पहिल्यांदा हाच हिशोब केला होता. जूनचा महिना, जीन्स, कॉटनचा टी-शर्ट, पाठीवर एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांचे दोन पुडे. झाडांतून बाहेर पडलो आणि वाऱ्याने असं धरलं की उभं राहता येईना, मग ढग आला, जीन्स भिजली, पाच मिनिटांत बोटं वाकेनाशी झाली, जॅकेटची चेन लावता येईना म्हणून बायकोने लावून दिली. तिथून उलटा फिरलो. तेव्हा लाज वाटली होती, आता नाही वाटत.

फरक उंचीचा नाही, फरक आहे अक्षांशाचा आणि वाऱ्याचा. आपण ४४ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे इथे साधारण साडेचार हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात, त्याच्यावर जे आहे ते टुंड्रासारखं. माउंट वॉशिंग्टनच्या ऑब्झर्व्हेटरीत १२ एप्रिल १९३४ ला ताशी २३१ मैल वारा मोजलाय, म्हणजे ३७२ किलोमीटर. रोज असा नसतो हे खरं, पण ज्या डोंगररांगेत तो वाहू शकतो तिथे कॉटन घालून जायचं नाही. एकट्या वॉशिंग्टनवर आजवर दीडशेच्या वर माणसं दगावलीयेत, त्यातली बरीच थंडीने, आणि सगळीच काही जानेवारीत नाही गेलेली.

तर तयारी. प्रत्येकाकडे पाऊस-वारा अडवणारं जॅकेट आणि पँट, एक गरम थर जो भिजला तरी ऊब देतो (लोकर किंवा फ्लीस, जीन्स नको म्हणजे नको), टोपी, हातमोजे, हेडलॅम्प, कागदावरचा नकाशा, शिट्टी, जास्तीचं खाणं. हेडलॅम्प म्हणजे फोनचा टॉर्च नाही. लूप जवळपास नऊ मैलांचा आणि चढ ३८०० फुटांच्या वर, सहा ते आठ तास मोठ्यांचे, मुलांबरोबर किती ते देव जाणे. फॉलिंग वॉटर्स नावाच्या वाटेने चढा आणि ओल्ड ब्रायडल पाथने उतरा, उलट करू नका, धबधब्याची वाट ओल्या दगडांवरून उतरताना गुडघे आणि पार्श्वभाग दोन्ही धोक्यात असतात. आदल्या रात्री ऑब्झर्व्हेटरीचा उंच शिखरांसाठीचा वेगळा फोरकास्ट असतो तो बघा, लिंकन गावाचा नको. आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवा, वर गेल्यावर कोणी ठरवू शकत नाही.

आता खरं सांगू का, ६ वर्षांची मुलं या रिजवर नेऊ नका. पावणेदोन मैल उघड्यावर आहेत, मधे लपायला काही नाही. त्यांना त्याच पार्किंगच्या बाजूने लोनसम लेकला न्या, दीड मैलाच्या थोडं वर अंतर, हजार फूट चढ, वर तळं आणि तळ्याकाठी ॲपलेशियन माउंटन क्लबचं हट, म्हणजे मुक्कामाची झोपडी. पाण्यात पाय सोडून बसलात की समोर तीच फ्रँकोनिया रिज आख्खी दिसते. अर्धा ग्रुप वर, अर्धा तळ्यावर, संध्याकाळी खाली भेटा. २२ जणांची रांग तशीही एका वाटेवर बरी नाही, आणि वाइल्डरनेस (कायद्याने रानच राहू दिलेला भाग) म्हणून जाहीर झालेल्या भागांत तर दहाच्या वरचा ग्रुप चालतच नाही, नियम आहे. रिजची पूर्वेकडची बाजू उतरलात की तेच लागतं.

स्पीकर घरी ठेवा. मुलांना कंटाळा येत नाही, मोठ्यांना येतो. जूनमध्ये त्या खुज्या झाडांत बिकनेल्स थ्रश नावाचा पक्षी घरटी करतो, कॅरिबियन बेटांवरून येतो बिचारा एवढा लांब, त्याचं गाणं ऐकायला चान्स असतो. काळ्या माश्याही जूनच्या पहिल्या आठवड्यात जोरात असतात, त्या कानामागे चावतात आणि रक्त आलं तरी कळत नाही. वर वारा असला की त्या नसतात. म्हणजे दोन्हींपैकी एक मिळणारच.

प्रश्न : काका, आम्ही मेमध्ये गेलो होतो. ट्रेलवर भयंकर चिखल, म्हणून आम्ही कडेकडेने गवतावरून जात होतो, नवीन बूट होते माझे. एक बाई वरून येत होत्या, त्यांनी आम्हाला चक्क झापलं, मधून चाला म्हणाल्या. आम्ही कोणाचं काय बिघडवत होतो? इथले लोक जरा जास्तच करतात का?

उत्तर : त्या बाई बरोबर होत्या. झापायची पद्धत चुकली असेल, मी तिथे नव्हतो.

चिखल आला तर चिखलातूनच चालायचं, मधूनच. कारण काय होतं बघा, आज तुम्ही कडेने गेलात, गवत दबलं, उद्या आणखी चाळीस जण त्याच कडेने गेले, गवत मेलं, खालची मुळं उघडी पडली, पावसाने मुळांमधली माती नेली, आता कडेलाही चिखल झाला. मग त्याच्या कडेने नवी कड. दोन फुटांची वाट बारा फुटांची झालेली मी डोळ्याने पाहिलीये, तीही पाच-सात वर्षांत. बूट धुता येतात हो. मे हा तसाही चिखलाचाच महिना आहे, बर्फ वितळत असतो, माती भिजलेल्या स्पंजसारखी असते. जमेल तर तेव्हा खालच्या, दगडी किंवा रुंद वाटांवर फिरा आणि उंचावर जूनअखेर जा.

आणि झाडांच्या वर गेलात तर हीच गोष्ट दहापट. तिथे माती बोटभर असते आणि झाडांना वाढायला वर्षातले काही आठवडे मिळतात. रॉबिन्स सिंकफॉइल नावाची एक वनस्पती आहे, पिवळ्या फुलाची, आख्खं झुडूप एका नाण्याएवढं, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते शेवाळ वाटलं होतं. आख्ख्या जगात ती फक्त या व्हाइट माउंटनमध्ये होते. त्यातली जवळजवळ सगळी माउंट मन्रोजवळच्या एका सपाटीवर, आणि नशीब असं की क्रॉफर्ड पाथ बरोबर तिच्या डोक्यावरून जात होता. क्रॉफर्ड पाथ म्हणजे १८१९ सालची वाट, या देशात अखंड वापरात असलेली सगळ्यात जुनी डोंगरवाट असं मानतात. शंभर-दीडशे वर्षं लोक त्या झुडपांवरून चालले, वरून वनस्पतीशास्त्रवाले हौसेने नमुने उपटून नेत होते. १९८० मध्ये तिचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं. मग काय केलं, वाटच हलवली. बाजूने नेली, कडेला दगडांची बुटकी भिंत रचली, नवी रोपं लावली. २००२ मध्ये ती यादीतून बाहेर आली. कुठली लस नाही की औषध नाही, लोकांचे पाय चार पावलं बाजूला नेले एवढंच.

फ्रँकोनिया रिजवर वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्या गुडघ्याखालच्या दगडी भिंती दिसतात त्या याचसाठी. पाय टेकायला, डबा खायला, फोटोसाठी त्यातले दगड काढायला त्या नाहीत. तिथले दगड काढून मनोरे रचणाऱ्यांवर तर मी वेगळं पत्र लिहीन, संपादकांनी जागा दिली तर. वाट दाखवणारे खरे मनोरे असतात तिथे, धुक्यात तेच जीव वाचवतात, तुमचा हौशी मनोरा बघून कोणीतरी चुकीकडे वळतो.

बसायचं असेल तर उघड्या खडकावर बसा. खडकाला काही होत नाही.

प्रश्न : ज्या जंगलाला 'नॅशनल' म्हणता तिथे मला ट्रकभर तोडलेलं लाकूड जाताना दिसलं, आणि एका फाट्यावर पूर्ण उतार साफ केलेला. हे कसलं संरक्षण? इथेही कंत्राटदार सगळीकडे पोचलेत असंच म्हणायचं का?

उत्तर : तुमचा राग समजतो. मलाही पहिल्यांदा असाच आला होता. पण इथे एक मोठा घोळ आहे शब्दांचा. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत, पार्क इंटीरियर खात्याकडे (नाव अंतर्गत, पण काम सरकारी जमिनी सांभाळायचं), आणि फॉरेस्ट चक्क शेतीखात्याकडे. फॉरेस्टच्या पाटीवरच लिहिलेलं असतं, अनेक उपयोगांची जमीन. त्यात फिरणं आहे, शिकार आहे (म्हणून नोव्हेंबरमध्ये भडक केशरी घालून जा, कुत्र्यालाही घाला), काही स्की रिसॉर्ट परवान्यावर त्याच जमिनीवर आहेत, आणि लाकूडतोडही आहे, ठरवलेल्या पट्ट्यांत, आधी कागदावर मांडून, लोकांच्या हरकती घेऊन. वाइल्डरनेस जाहीर केलेल्या भागांत तोड नाही, यंत्र नाही. वरच्या शिखरांकडेही तुम्हाला तोड दिसणार नाही.

पण गंमत पुढे आहे. हे जंगल असं 'राखलेलं' नाहीच मुळात, हे परत विकत घेतलेलं आहे.

न्यू हॅम्पशायर राज्याने १८६७ मध्ये इथली सरकारी डोंगराळ जमीन खासगी लोकांना विकून टाकली. मग आल्या लाकूड कंपन्या आणि त्यांच्या रेल्वे. जे. ई. हेन्री म्हणून बडं प्रस्थ होतं, आधी झीलंड खोऱ्यात, मग लिंकनला, वर सांगितलेले ते स्लीपर त्याच्याच लाइनचे. झाड तोडायचं, खोड न्यायचं आणि फांद्या, पाला, शेंडे तिथेच टाकून द्यायचे. उन्हाळ्यात ते वाळलं की एक ठिणगी बस, आणि इंजिनं तर ठिणग्या उडवतच जायची. १८८६ मध्ये झीलंड खोरं पेटलं, १९०३ मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या. माती जळून खालचा खडक उघडा पडलेले डोंगर त्या काळच्या फोटोंत दिसतात. आज झीलंडला जाऊन बघा, विश्वास बसत नाही.

तर विरोध कोणी केला? हॉटेलवाल्यांनी केला, कारण जळका डोंगर बघायला पाहुणे कशाला येतील. १९०१ मध्ये इथल्या लोकांनी जंगल वाचवण्यासाठी सोसायटी काढली, ती आजही आहे. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे खालच्या गिरणीवाल्यांनी. मेरिमॅक नदीवर मँचेस्टर, लोवेलच्या कापडगिरण्या होत्या, नदीचं पाणी या डोंगरांतून येतं, वर झाडं नाहीत म्हणजे वसंतात पूर आणि उन्हाळ्यात ठणठणाट. कायद्याची अडचण अशी की पूर्वेकडे जमीन सगळी खासगी, आणि केंद्र सरकारने जंगलासाठी ती विकत घ्यावी असं घटनेत कुठे नव्हतं. मग जॉन वीक्स नावाचे खासदार होते, निवडून आलेले मॅसॅच्युसेट्समधून पण जन्म इथल्या लँकेस्टरचा, त्यांनी नेट लावला आणि १ मार्च १९११ ला कायदा झाला. त्यात आधार घेतला तो झाडांचा नाही, नदीचा! जहाजं चालतील अशा नद्यांचा उगम राखण्यासाठी सरकार जमीन घेऊ शकतं. असा वळसा घालून जंगल वाचलं. त्याच कायद्याने तुकडे तुकडे घेत १९१८ मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट झालं, आज आठ लाख एकरांच्या घरात आहे, थोडा भाग शेजारच्या मेनमध्ये.

म्हणजे तुम्ही ज्याला अस्पर्श जंगल समजून चाललात ते बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. तोडीबद्दल माझं मत विचाराल तर, थोडी आणि नीट केली तर मला चालते, मोकळ्या पट्ट्यात कोवळा पाला येतो आणि मूस (इथली भलीमोठी हरणं) खायला येतात. पण ओढ्याच्या काठापर्यंत तोडलेलं दिसलं तर हरकत घ्या, खरंच घ्या, कागदपत्रं उघड असतात आणि हरकतीची मुदत असते. इथल्याच हबर्ड ब्रूक नावाच्या प्रयोगाच्या जंगलात (१९५५ पासून आहे) एका खोऱ्यातली सगळी झाडं तोडून ओढ्याच्या पाण्यात काय काय वाहून जातं ते वर्षानुवर्षं मोजलं होतं. तिथेच साठच्या दशकात पावसाचं पाणी तपासताना ते आम्लाचं निघालं, आणि उत्तर अमेरिकेत ॲसिड रेनची गोष्ट तिथून सुरू झाली.

काही छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

*तंबू कुठेही टाकला तर चालतो का?* नाही. झाडांची उंची आठ फुटांच्या खाली गेली की तिथून वर तंबू नाही, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. हिवाळ्यात खाली दोन फूट बर्फ असेल तर सूट. हट आणि शेल्टरपासून पाव मैल लांब, काही ट्रेलपासून दोनशे फूट आत. कुठे कुठे ते आधी रेंजर स्टेशनला विचारून घ्या. अस्वलं आहेत, खाणं तंबूत ठेवू नका, अस्वलांना उघडता येत नाही असा कडक डबा मिळतो त्यात ठेवा, टूथपेस्टसुद्धा त्यातच.

*घरून लाकूड नेऊ का शेकोटीला? बॅकयार्डात भरपूर पडलंय.* नेऊ नका. बाहेरच्या राज्यातून साधं जळाऊ लाकूड न्यू हॅम्पशायरमध्ये आणायला बंदी आहे. लाकडात एमराल्ड ॲश बोररची अंडी-अळ्या येतात आणि हा हिरवा किडा ॲशची झाडं आतून पोखरून मारतो. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या.

*संत्र्याची सालं, केळ्याची सालं टाकली तर खत होईल ना?* होईल, पण वर थंडीत महिनोन् महिने ती तशीच पडून राहतात, आणि खायला जे प्राणी येतात त्यांना माणसाची सवय लागते. पिशवीत घालून परत आणा. टॉयलेट पेपरही. हो, तोही. खड्डा सहा-आठ इंच, पाण्यापासून आणि वाटेपासून दोनशे फूट, आणि पेपर झिपलॉकमध्ये परत. लहानपणी आपण माळावर जात होतो तेव्हा एका दिवसात हजार माणसं त्या माळावर येत नव्हती.

*ड्रोन?* वाइल्डरनेसमधून उडवताही येत नाही, उतरवताही येत नाही. बाकी ठिकाणीही माझ्या डोक्यावर उडवू नका.

*वर अडकलो तर हेलिकॉप्टर फुकट येतं का?* वाऱ्यात हेलिकॉप्टर येतच नाही, माणसं चालत येतात, त्यातली बरीच स्वयंसेवक, दिवसभराची नोकरी करून रात्री तुम्हाला स्ट्रेचरवर उतरवतात. निष्काळजीपणा दिसला तर राज्य तुम्हाला खर्चाचं बिल लावू शकतं. हाइकसेफ नावाचं कार्ड आहे, एकट्याचं २५ डॉलर, कुटुंबाचं ३५, ते असलं तर साध्या निष्काळजीपणाचं बिल येत नाही, अगदी बेफिकिरी केली असेल तर मात्र येतं. पैसे शोध-बचावाच्या कामाला जातात, म्हणून मी दरवर्षी काढतो, वापरायची वेळ आली नाही अजून.

प्रश्न : मी इथे मास्टर्स करतेय, वीकेंडला डोंगरात जाते. नुसतं फिरून येण्यापेक्षा काहीतरी करावं असं वाटतं, पण मला ना झाडांची माहिती ना हत्यारं चालवता येतात. विद्यार्थ्यांकडे पैसेही नसतात. काय करू?

उत्तर : तुला फावडं धरता येतं का? मग झालं.

एक ट्रेल दत्तक घ्यायची योजना असते, फॉरेस्ट सर्व्हिसकडेही आणि माउंटन क्लबकडेही, एक-दोन मैलांचा तुकडा तुझ्या नावावर, वर्षातून दोन-तीनदा जाऊन साफ करायचा. आधी एक दिवसाचं ट्रेनिंग देतात, हत्यारंही देतात. पैसे देऊन करायचं काही नाही. उंचावर वीकेंडला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं कामही असतं, तिथले स्वयंसेवक बघितले असशील, लोकांना गोड शब्दांत दगडांवरून चाला म्हणून सांगणारे. ते माझ्याने होत नाही, माझा आवाज चढतो. तुला जमत असेल तर तेही कर.

मी करतो ते वॉटरबारचं काम. चढाच्या वाटेवर मधेमधे एक ओंडका किंवा दगडांची ओळ तिरकी टाकलेली असते बघ, लोक त्याला पायरी समजून चढतात. ती पायरी नाही. वाटेवरून वाहणारं पाणी तिथे अडून बाजूला झाडीत वळावं म्हणून आहे. वर्षभरात तिच्यामागे पानं, बारीक खडी, चिखल साचतो, ती भरली की पाणी वरून उडी मारतं आणि सरळ वाटेतून खाली सुटतं, एका जोराच्या पावसात वाटेची फुटभर खोल नाली करतं. आणि नाली झाली की लोक कडेने चालतात, मग पुढचं वर लिहिलंच आहे.

तर काय करायचं, जाड दातांचा फावडा-कुदळ असतो, तो घेऊन साचलेला गाळ ओढून काढायचा आणि वाटेच्या खालच्या अंगाला टाकायचा, वरच्या नाही, नाहीतर पुढच्या पावसात परत आत. तळ तिरका ठेवायचा, बाहेरच्या तोंडाकडे उतरता. मग ते बाहेरचं तोंड मोकळं करायचं, पाणी निघून जाईल असं चांगलं दोन-तीन फूट, बहुतेक जण हेच विसरतात आणि पाणी तिथेच डबकं करून बसतं. माझ्या तुकड्यात एकतीस वॉटरबार आहेत. पहिल्या वर्षी मी कोरड्या दिवशी गेलो, सगळे साफ केले, खूश होऊन घरी आलो, आणि पुढच्या वेळी बघतो तर अर्ध्यांतून पाणी भलतीकडेच गेलेलं. आता पाऊस पडत असतानाच जातो, रेनकोट घालून. फावडं मारलं की आतलं गढूळ पाणी क्षणभर थांबतं, मग वळतं, आणि बाजूच्या फर्नमध्ये शिरतं.

एप्रिलअखेर ट्रेनिंगच्या तारखा येतात, रेंजर स्टेशनला फोन करून विचारून ठेव, आणि बूट जुने घाल.